सिंहस्थाचा हिशेब

मावशीचा फोन आला तेव्हा मी रात्रपाळी करून नुकताच आडवा झालो होतो. कानात अजून साच्यांची घरघर. मावशी म्हणाली, "सिंहस्थाची भरती हाय म्हणत्यात. मुकादम नावं लिहून घेतोय. तुझ्या आईचं लिहू का?"

मी विचारलं, "मागच्या खेपेचे पैसे दिले का त्यानं?"

मावशी गप्प. मग म्हणाली, "न्हाई. पर काम तर हाय ना."

मागची खेप म्हंजे २०१५. नाशिकला तपोवनात साधुग्राम वसलं होतं. मावशी तिथं झाडायला होती. साधू आंघोळीला निघायच्या आधी रस्ता झाडायचा, साधू आंघोळ करून परतले की पुन्हा झाडायचा. फुलं, पत्रावळ्या, चिखल, आणि ज्याचं नाव जेवताना घेत नाहीत तेही. हातमोजे मिळाले चार दिवस. शेवटच्या पंधरवड्याची मजुरी ठेकेदारानं खाल्ली. कोट्यवधी पापं धुऊन गेली म्हणे त्या वर्षी. मावशीची मजुरीही त्यातच वाहून गेली असावी.

दोस्त हो, या लेखाला एवढंच कारण आहे. मी इतिहासाचा मास्तर नाही. दहावीला बसलो आणि उठलो. सूतगिरणीत साचेखात्यात तुटलेले धागे जोडतो. जे वाचलं ते रद्दीवाल्याकडून आणि वाचनालयातून, पाळी सुटल्यावर. पण नदीचा इतिहास आपण सांगितला नाही तर तो घाटावरचा भट सांगेल, दक्षिणा घेऊन. म्हणून मी सांगतो. फुकट.

*

आधी त्यांची गोष्ट ऐका. देव-दानवांनी समुद्र घुसळला. अमृताचा कुंभ निघाला. दोघांनी मिळून घुसळला, म्हंजे घाम दोघांचा. पण प्यायची वेळ आली तेव्हा पंगत फक्त देवांची. कुंभ घेऊन पळापळ झाली, त्यात थेंब सांडले ते प्रयाग, हरिद्वार, उज्जैन आणि नाशिक-त्र्यंबक इथं. म्हणून या चार जागी कुंभमेळा. गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडं सिंहस्थ, बारा वर्षांनी एकदा. २००३, २०१५, आणि त्याच हिशेबानं २०२७.

या गोष्टीत एक माणूस आहे, त्याच्याकडं कुणी बघत नाही. राहू. तो गुपचूप देवांच्या पंगतीत बसला. घोटभर प्याला. सूर्य-चंद्रानं चुगली केली आणि विष्णूनं त्याचं मुंडकं उडवलं. गुन्हा काय? पंगतीत बसला. पाणवठ्यावर आला. ही गोष्ट वाचताना मला आमच्या गावची विहीर आठवली, तुम्हाला तुमच्या गावची आठवेल. आणि बघा, ग्रहण लागलं की आपलीच म्हातारी माणसं गावभर दान मागत फिरायची. राहू-केतू महारामांगांचे, त्यांना दान दिलं की ग्रहण सुटतं, अशी समजूत. म्हंजे मुंडकं उडवलेला आपलाच, हे त्यांनाही ठाऊक होतं! जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा दैत्य-राक्षसांच्या गोष्टी अशाच उलट्या करून वाचल्या होत्या. पोथी कशी वाचायची ते त्यांनी शिकवलं. आपण फक्त पुढं वाचायचं.

दुसरी गोष्ट त्यांच्या पोथीत नाही, आपल्या आहे. थेरीगाथेतली. श्रावस्तीला पुण्णा नावाची एक दासी होती. थंडीवाऱ्यात, मालकिणीच्या भीतीनं, रोज नदीत उतरून पाणी भरायची. एकदा बघते तर एक ब्राह्मण कुडकुडत नदीत बुड्या मारतोय. तिनं विचारलं, तू कुणाच्या भीतीनं उतरलास बाबा? तो म्हणाला, पाप धुतोय. ती म्हणाली, असं असेल तर मासे, बेडूक, कासवं सगळी स्वर्गात जातील. आणि नदी पाप नेत असेल तर पुण्यही नेईल, मग तुझ्याकडं उरलं काय? ब्राह्मण निरुत्तर. पुण्णा पुढं बुद्धाच्या संघात गेली, थेरी झाली.

पाण्यात उतरण्यात पुण्य नाही हे सांगणारी बाई पाणी भरणारी होती, हे ध्यानात ठेवा. ज्याला रोज पाण्यात उतरावं लागतं त्याला पाण्याची पूजा सुचत नाही.

*

आता नाशिक. नाशिकची माणसं गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. गंगेवर जाऊन येतो म्हणतात. शहराच्या दक्षिणेला डोंगर आहे, त्यात चोवीस लेणी. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा काही संबंध नाही. ती बौद्ध भिक्खूंची लेणी, डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. आमचं असलं की त्याला पांडवांचं नाव द्यायचं, ही जुनी खोड.

दहाव्या लेण्यात उषवदाताचे शिलालेख आहेत. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. तो दगडावर काय कोरून ठेवतो? की मी पुष्करच्या तळ्यावर गेलो, तिथं अभिषेक केला, तीन हजार गायी आणि एक गाव दान दिलं. म्हंजे तीर्थस्नान तेव्हाही होतं. राजे करत होते, आणि दान ब्राह्मणांना देत होते. हे लपवायचं कारण नाही. पण त्याच लेखात तो आणखी सांगतो, की तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर मी फुकट नावा ठेवल्या, लोकांना पार व्हायला. घाटांवर धर्मशाळा केल्या, पाणपोया घातल्या.

मला या दोन ओळींत फरक दिसतो. एक नदी बुडी मारायची. दुसरी नदी पार करायची. पहिलीला दक्षिणा लागते. दुसरीला नाव लागते आणि वल्हवणारा लागतो. आपल्याला कुठली नदी हवी ते आपण ठरवायचं.

पण मी त्या लेण्यात खरा थांबलो तो तिसऱ्या गोष्टीपाशी. उषवदातानं भिक्खूसंघासाठी तीन हजार कार्षापण ठेवले, ते कुणाकडं? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडं! गोवर्धन म्हंजे नाशिकजवळचंच, गोदावरीकाठचं गाव. एका विणकर श्रेणीकडं दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसरीकडं एक हजार, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल काढायचं नाही, व्याज वापरायचं. दोन हजारांचं व्याज महिन्याला वीस, वर्षाला दोनशेचाळीस. वीस भिक्खू लेण्यात वर्षावास करणार, प्रत्येकाला चीवरासाठी बारा. हिशेब चोख. मी डब्याच्या सुट्टीत बोटांवर मोजला, जुळला.

राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या हवाली करतो. सूत कातणारा-विणणारा माणूस तेव्हा सावकार होता, बँक होता, त्याच्या शब्दावर संघाचं कापड चालत होतं. मी त्याच धंद्यात आहे. मला माझी गिरणी पगाराची उचलसुद्धा देत नाही. इतिहासात प्रगती झाली म्हणतात ती कुणाची?

*

मधली शतकं भरभर ओलांडतो. गोदावरीवर कुंडं आणि घाट बांधले गेले, पेशवाईत देवळं उभी राहिली. काळारामाचं देऊळ सरदार ओढेकरांनी बांधलं. काळ्या दगडाचं, भक्कम. सिंहस्थ भरत होताच. साधूंचे आखाडे हत्यारबंद असत, आणि पहिली बुडी कुणाची यावरून शैव आणि वैष्णव एकमेकांना कापत. १७८९ च्या सिंहस्थात बारा हजार मेले असं सांगतात. आकड्यात पदरचं किती ते सोडून द्या, पण भांडण खरं. अखेर तोडगा निघाला तो असा: वैष्णवांनी नाशिकला रामकुंडात न्हायचं, शैवांनी त्र्यंबकला कुशावर्तात. आजही तसंच चालतं.

नीट बघा. पहिल्या नंबरासाठी साधू भांडले तर राज्यानं त्यांना दोन घाट वाटून दिले. त्याच पेशवाईत आमच्या माणसाच्या गळ्यात मडकं होतं आणि कमरेला झाडू. थुंकी भुईवर पडू नये म्हणून मडकं. पाऊल पुसत जावं म्हणून झाडू. मडकं म्हंजे कुंभच की! त्यांच्या कुंभात अमृत, आमच्या कुंभात आमचीच थुंकी. आमच्यासाठी तोडगा कुणी काढला नाही. तो आम्हालाच काढावा लागला.

*

आमचा पहिला घाट महाडचा. ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनंही कागदावर तळं खुलं केलं. कागद कोरडा राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. गावातल्या सवर्णांनी परतणाऱ्या माणसांना काठ्यांनी मारलं. मग तळं 'शुद्ध' केलं. दही, दूध, शेण, गोमूत्र यांच्या एकशेआठ घागरी ओतून. जनावराचं मूत चालतं, माणसाची ओंजळ चालत नाही! २५ डिसेंबर १९२७ ला तिथंच मनुस्मृती जळाली. आणि कोर्टात खटला चालून हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीला दहा वर्षं.

दुसरा घाट नाशिकचा. इथं माझ्या घरचा साक्षीदार आहे. आजीचा बाप, निफाडकडचा. १९३० साली अठरा-एकोणीस वर्षांचा गडी. त्याचं ऐकलेलं आजी सांगायची. तो म्हणायचा, "गंगा समद्यांची, पर पायऱ्या त्यांच्या."

२ मार्च १९३०. पंधरा हजार माणसांची मिरवणूक, मैलभर लांब. चार-चारच्या रांगा, बाया वेगळ्या, शिस्त अशी की पोलीस बघत राहिले. काळारामाच्या पूर्व दरवाजाशी आले तर दरवाजा बंद. चारी दरवाजे बंद. मग मिरवणूक कुठं गेली? गोदावरीच्या घाटावर. तिथंच सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रह, पहिल्या तुकडीत एकशेपंचवीस पुरुष आणि पंचवीस बाया. दारात बसायचं. भाऊराव गायकवाड, ज्यांना आपण पुढं दादासाहेब म्हणालो, तेव्हा ऐन पंचविशीतले होते, आणि सगळी बांधणी त्यांच्या अंगावर. महिनाभर देव आत कोंडलेला, माणसं बाहेर.

मग आला रथाचा दिवस, ९ एप्रिल. रामाचा रथ निघतो आणि देवाला रामकुंडावर न्हायला नेतात. समेट झाला की रथाचे दोर दोन्हीकडच्या तगड्या पोरांनी मिळून ओढायचे. आपली माणसं दोराला हात घालायला पुढं झाली, तेवढ्यात त्यांनी रथ पळवला. भर गर्दीतून, धावत. वरून दगड सुरू झाले. आजीचा बाप डोक्याला खोक घेऊन घरी आला. त्याला आयुष्यभर एकच नवल वाटायचं. तो म्हणायचा, "पोरी, द्येव घेऊन पळाली माणसं. द्येवसुदीक आमच्या हाती लागू द्याचा नव्हता."

त्यानंतर गावोगाव सूड. आपल्या पोरांना शाळा बंद, रस्ते बंद, बाजारात मीठमिरची बंद. तरी लढा पाच वर्षं चालला. देवळाबरोबर रामकुंडाचाही सवाल त्यात होता, कुंडात उतरण्यासाठीही सत्याग्रहींनी धडक मारली.

इथं एक गैरसमज काढून टाकतो, कारण आपलीच पोरं विचारतात, "बाबासाहेबांना देव नको होता तर देवळात कशाला जायचं होतं?" बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४ ला भाऊरावांना पत्र लिहिलं. त्याचा सारांश असा की आपली माणसं मूर्तिपूजक व्हावीत म्हणून मी हा लढा सुरू केला नव्हता. माणसं जागी व्हावीत, आपली खरी जागा त्यांना कळावी, म्हणून केला होता. ते काम झालं, आता ताकद राजकारणाकडं आणि शिक्षणाकडं वळवा. मग १३ ऑक्टोबर १९३५, येवला. नाशिक जिल्ह्यातलंच. हिंदू म्हणून जन्मलो, हिंदू म्हणून मरणार नाही, ही गर्जना तिथली. बंद दरवाजासमोर पाच वर्षं बसलेला माणूस उठला, पाठ फिरवली आणि आपला रस्ता धरला. तो रस्ता १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला पोचला.

आणि घाटाचं काय झालं? तो बाबासाहेबांनी संविधानात खुला केला. १५ व्या कलमात विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर शब्द आहे: स्नानघाट. देशाच्या सगळ्यांत मोठ्या कायद्यात आंघोळीचा घाट लिहावा लागला! ज्या देशात नदीला आई म्हणतात, त्या देशात आईजवळ जायला कलम लागतं.

*

गिरणीचं एक सांगायचं राहिलं. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं साचेखात्यात होती, विणाईच्या खात्यात नाही. का? धोट्यातून धागा ओढायला तो तोंडानं चोखावा लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला लावणार नाही. विणाईत पगार जास्त. म्हंजे थुंकीपायी आमची पगारवाढ अडली. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. एकी एकी म्हणता, मग विणाईखात्याचं दार उघडा. पाण्याचं आणि सुताचं भांडण एकच आहे. कुठं ओठ लागला आणि कुठं हात लागला, याचं भांडण.

*

आता आजचं बोलू. आज रामकुंडावर कुणी अडवत नाही. उलट बोलावतात. मे २०१६ मध्ये उज्जैनच्या सिंहस्थात सत्ताधारी पक्षानं दलित साधूंबरोबर 'समरसता स्नान' केलं. क्षिप्रेत, वाल्मिकी घाटावर. फोटो आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रयागला पंतप्रधानांनी सफाई कामगारांचे पाय धुतले. फोटो आले. पाय धुतले, पण त्या पायांखालचं गटार तसंच. हातानं मैला साफ करायला लावण्याविरुद्ध पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा, आणि गटारात गुदमरून माणसं त्यानंतरही मेली. ती कुठल्या जातीची ते विचारायची गरज नाही.

मेळ्यात भाविकही मरतात, ते गरीबच. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकला चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. २९ जानेवारी २०२५ ला प्रयागला सरकारी आकड्यानं ३०. महंतांना वेगळा रस्ता असतो. गर्दी साध्या माणसाच्या वाट्याला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. कर्ज काढून, गठुडं डोक्यावर घेऊन आलेली ती माणसं आपल्यासारखीच कष्टाची. त्यांना कुणीतरी सांगितलंय की दुःख पाण्यानं जातं.

आणि पाणी? २०१५ साली मराठवाड्यात घशाला कोरड होती आणि शाही स्नानासाठी गंगापूर धरणातून पाणी सोडलं. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. हे धरण कुठं आहे? त्या जुन्या गोवर्धनाजवळ, जिथल्या विणकरांकडं संघाची ठेव होती.

बाबासाहेबांची नदी वेगळी होती. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर, महानदी यांच्याकडं त्यांनी बघितलं ते पूर थांबवायला, शेताला पाणी द्यायला, वीज काढायला. नदीनं पाप धुवायचं नाही, नदीनं साचे फिरवायचे.

*

शेवटी घरचं. गेल्या वर्षी बाप गेला. चुलता म्हणाला, "आता कोण अडवतंय? अस्थी रामकुंडात सोड, म्हातारा सुटेल." आई काही बोलली नाही. मी म्हटलं, जाऊन तर बघू. आजीचा बाप ज्या पायऱ्यांवर पोचला नाही तिथवर तरी जाऊ.

गेलो. खरंच कुणी अडवलं नाही. एक गुरुजी लगबगीनं आला, गाव विचारलं, तालुका विचारला. मग म्हणाला, "आडनाव?"

मी सांगितलं. त्याच्या तोंडावर काही फार नाही, माशी बसून उडावी एवढंच हललं. लगेच हसून म्हणाला, "चालतं, चालतं. आता सगळ्यांचं करतो आपण."

आईनं माझ्या हातातलं गाडगं घेतलं. म्हणाली, "चल. चालतं म्हणणारा हा कोण?"

आम्ही घाट सोडून खाली चालत गेलो, पार पायऱ्या संपल्या तिथवर. बाया धुणं धूत होत्या. आई गुडघाभर पाण्यात उतरली, त्रिसरण म्हणाली आणि आपल्या हातानं बापाला नदीच्या हवाली केलं. मंत्र नाही, दक्षिणा नाही. नदी वाहत होती. तिनं आडनाव विचारलं नाही.

तर दोस्त हो, मावशीला मी काय सांगितलं? आईचं नाव लिहू नको म्हणालो नाही. चूल आहे. मी सांगितलं, "एकटीचं नाव देऊ नको. वस्तीतल्या चाळीस बायांची एक यादी कर. वर लिही: मागचा पंधरवडा आधी चुकता करा. मजुरी कागदावर लिहा. हातमोजे, बूट, आणि बायांना आडोसा. मग झाडू उचलू. नाही तर त्या दिवशी रस्ता झाडला जाणार नाही."

मावशी म्हणाली, "आन् मुकादम नाय म्हणाला तर?"

मी म्हटलं, "मग आपणच चार-चारच्या रांगा करून गंगेवर येऊ. आंघोळीला नव्हे."

यादी मी लिहायला घेतली आहे. आतापर्यंत सतरा नावं झाली.

जय भीम.